साखरीच्या पाठीवरचं कुंकू

खंडेनवमीला मी इथे एक फोटो टाकला होता, आठवतोय? आमची पांढरी कोंबडी साखरी खुराड्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी... आणि खाली मी लिहिलं होतं, 'मॅडम रुसल्यात'. तुम्ही हसलात, मीही हसले. तो फोटो मी काल डिलीट केला. का, ते सांगते.

मी सांगलीची, म्हैसूरला येऊन नऊ वर्षं झाली. इथे खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात आणि ती जोरात असते. स्कूटर, मिक्सर, लॅपटॉप, बोअरची मोटर... जे जे राबतं त्याला कुंकू आणि फूल. यंदा मला वाटलं, आमच्या परसातल्या पाच कोंबड्या इतकी अंडी देतात, मग त्यांनीच काय घोडं मारलंय?

तुरा मुळातच लाल, तिथे कुंकू दिसेना. बाकी चौघी काळ्या-तांबड्या, त्यांच्या पिसांवरही दिसेना. साखरी तेवढी पांढरीशुभ्र... म्हणून तिच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवली. काय गोड दिसत होती! घरी पाहुणे येणार होते, त्यामुळे पाचही जणींना खुराड्यात कोंडलं आणि मी स्वयंपाकाला लागले.

संध्याकाळी डोकावले तर ही बाई भिंतीकडे तोंड करून उभी. दाणे टाकले तरी वळेना. तोच तो फोटो.

दसऱ्याला सकाळी खुराडं उघडलं. साखरीच्या पाठीवरची पिसं गेली होती, कातडी फाटली होती, शेपटीपर्यंत रक्त सुकलं होतं. मुंगूसच असणार, दुसरं कोण? माझ्या नवऱ्याने जाळीचा कोपरान् कोपरा तपासला, पण बोट शिरेल एवढंही भोक सापडलं नाही.

घरात ते जुनं लाल औषध होतं. लहानपणी ढोपर फुटलं की आई लावायची ना, तेच. मी ते सढळ हाताने लावलं. आणि एकटी घाबरेल, मैत्रिणींत राहिली की तिला बरं वाटेल, म्हणून परत त्यांच्यातच सोडलं. माझी अक्कल!

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. चौघीही आल्या आणि तिच्या पाठीवर तुटून पडल्या. त्यात तांबू सगळ्यांत पुढे... माझ्या मांडीवर डुलक्या काढणारी तांबू. तिच्या चोचीत साखरीच्या कातडीचा तुकडा होता आणि ती तो गिळत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरीही मला ते खरं वाटेना.

माझी किंचाळी ऐकून शेजारच्या जाधवकाकी आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. मराठी बोलतात, पण निम्मी कानडी. त्यांनी साखरीला पटकन उचलून पदराखाली घेतलं आणि मला विचारलं, "हे लाल कोण लावलं गं?"

मी औषधाचं सांगितलं. मग कुंकवाचंही सांगितलं. काकींनी डोळेच मिटले.

"अय्यो... लाल दिसलं की कोंबडी टोचते. टोचलं की रक्त येतं, ते बी लालच. मग थांबत नाहीत त्या. लाल बेडवे बेडा... नकोच नको."

मी म्हटलं, पण ही ओरडली कशी नाही? मी घरातच होते की दिवसभर.

"ओरडून कुठं जाणार? तूच कोंडलीस की. मग भिंतीत तोंड लपवून उभी राहते बिचारी."

मी मोबाइल काढून तो फोटो परत बघितला. तिचा जीव जात होता, पाठीवरचं रक्त मला कुंकूच वाटलं आणि मी मोबाइल धरून हसत होते...

पुढचं सगळं काकींनी केलं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली, चिकटलेली पिसं कात्रीने कापली, कोरडं केलं आणि वर मेडिकलमधून आणलेलं जांभळं औषध लावलं, म्हणजे लाल दिसायलाच नको. साखरीला वेगळं डाल्याखाली ठेवलं, पण बाकीच्यांना दिसेल असं, नाहीतर नंतर परकी समजून मारतात म्हणे. त्या चौघींना दिवसभर परसात मोकळं सोडलं आणि टोचायला एक कोबी टांगून दिला. माशी बसून अळ्या पडल्या तर मात्र काही खरं नाही, असं काकी म्हणाल्या.

तीन दिवस साखरीने चोच उघडली नाही. मी ऑफिसचे कॉल डाल्याशेजारी बसून, माश्या हाकत घेतले. चौथ्या दिवशी तिने चार शितं खाल्ली आणि मी ऑफिसच्या चालू मीटिंगमध्ये रडले. हळूहळू खपली धरली, मग पिसांचे कोंब दिसायला लागले.

काल तिला सगळ्यांत सोडलं. काकी कुंपणापलीकडे, मी काठी घेऊन अलीकडे. तांबूने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि परत माती उकरायला लागली. साखरी सरळ चालत गेली आणि तिच्याच शेजारी उकरायला लागली!

मला इतका आनंद झाला की मी दाणे घेऊन हात पुढे केला. चौघी धावत आल्या. साखरीने माझा हात बघितला... आणि मागे सरकत सरकत पार भिंतीला टेकली.

काकींमुळे तिचा जीव वाचला, त्यांचे उपकार मी कसे फेडू? पण विश्वास मलाच परत मिळवायचा आहे, आणि तोही तिच्या सवडीने. दाणे तिथेच जमिनीवर ठेवले आणि मी घरात आले. मी आत गेल्यावरच तिने ते खाल्ले.