हिरडीच्या रंगाची भिंत

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडभाऊ म्हणत. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा, फुटकी फरशी, एकदा तर कुत्र्याच्या केसांचा पुंजका घेऊन यायचं आणि म्हणायचं, "अगदी असा रंग द्या." शेडभाऊ वस्तू दारातल्या उजेडात धरत, एक डोळा मिटत, पांढऱ्या रंगात पिवळ्याचे चार आणि काळ्याचा एक थेंब टाकून ढवळत, आणि रंग जुळायचा. तो कुत्रा पुढे त्या भिंतीला टेकून बसला की मालकिणीला सापडत नसे म्हणे. ही बातमी स्वतः शेडभाऊच सांगत, तेव्हा कितपत खरी धरायची ते तुम्ही ठरवा.

एकतीस वर्षं हे चाललं. मग दाताच्या डॉक्टरीणबाईंनी वेटिंग रूमसाठी सायीच्या रंगाचे दोन डबे नेले आणि पंधरा दिवसांनी तणतणत परत आल्या.

"भिंत हिरडीसारखी दिसते," त्या म्हणाल्या. "तीही सुजलेली. पेशंट आत पाऊल टाकतो आणि गाल धरतो."

शेडभाऊंनी उरलेला डबा उघडून दाखवला. साय म्हणजे सायच होती. पण बाई हटेनात, आणि मालकांनी शेडभाऊंना बाजूला घेऊन मऊ आवाजात सांगितलं, "वय झालं की डोळे दगा देतात, भाऊ. काही दिवस पॉलिश पेपरचं काउंटर सांभाळा."

एकतीस वर्षांच्या नजरेला पॉलिश पेपर! शेडभाऊंनी घरी अवाक्षर काढलं नाही. बाहेर मात्र ते स्वतःची चोरून परीक्षा घेत. बसमध्ये शेजारच्याच्या स्वेटरकडे टक लावून "राखाडी, त्यात निळ्याचा अर्धा थेंब" असं पुटपुटत, आणि शेजारचा उठून दुसरीकडे बसे. डोळे गेले तर आपल्यात उरलं काय, या विचाराने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्यांच्या बायकोला अशी कसलीच चिंता दिसत नव्हती. लेकीने तिच्या टॅबवर ठोकळ्यांनी घरं बांधायचा खेळ घालून दिला होता आणि बाईंनी तिथे बंगला काढला होता, तोही ऐन दलदलीत. का, तर पाण्याकाठचा प्लॉट. रविवारी दुपारी ती म्हणाली, "अहो, छपरावर गवत लावायचंय. पण इथलं फार मळकट आहे."

"डोंगरापलीकडे माळ आहे ना? तिथलं पोपटी गवत आणू," शेडभाऊ म्हणाले. "सगळं एकाच बॅचचं हवं. मी आणतो."

तीन वेळा पाण्यात बुडून आणि एकदा बायकोच्याच कुंपणात अडकून त्यांनी माळावरच्या गवताचे चाळीस ठोकळे आणले. खेळातल्या सामानाच्या पेटीत ते पोपटी दिसत होते. छपरावर ठेवला की प्रत्येक ठोकळा शेवाळी होत होता. अठरा ठोकळे झाल्यावर शेडभाऊ थांबले. त्यांनी टॅब खिडकीत नेला, उजेडात धरला, एक डोळा मिटला. शेवाळीच.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तुला हे कसं दिसतंय?"

"शेवाळी. दिसणारच. ठोकळा जाईल तिथला रंग घेतो. दलदलीत शेवाळी, रखरखीत जागी वाळका. परत माळावर ठेवा, होईल पोपटी. ठोकळ्यात काही खोट नसते हो."

शेडभाऊंनी एक ठोकळा माळावर नेला. पोपटी. दलदलीत आणला. शेवाळी. असं त्यांनी तासभर केलं. समोरचा चहा गार झाला आणि त्याचा रंगसुद्धा त्यांनी पाहिला नाही.

सोमवारी ते घरातली पांढरी चादर काखोटीला मारून दवाखान्यात गेले. वेटिंग रूममध्ये भिंतीसमोर टोमॅटोसारखा लालभडक लांबलचक सोफा होता आणि खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावर पडत होतं.

"हा कधी आणलात?"

"रंग झाल्यावर. का?"

शेडभाऊंनी चादर झटकली आणि सोफ्यावर पसरली. एका आजोबांना उठायला वेळ मिळाला नाही, ते चादरीखालीच राहिले. पण भिंतीवरचा लाल उतरला आणि साय वर आली. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. चादरीखालून आजोबांनी विचारलं, "दात काढला का माझा?"

बाईंनी तिथूनच मालकांना फोन लावला. दुपारी शेडभाऊ आपल्या थेंबांच्या बाटल्यांपुढे बसले होते, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी रंगाआधी विचारलं, "भिंतीसमोर काय ठेवणार?"

संध्याकाळी ते घरी आले. बायको दलदलीत पायऱ्या बांधत होती. तिने मान वर केली तेव्हा तिची नजर थेट त्यांच्या बाहीवर गेली. तिथे पिवळ्याचे दोन आणि निळ्याचा एक डाग होता. एकतीस वर्षं या डागांवरून तिने त्यांचं डोकं खाल्लं होतं.

तिने टॅब खाली ठेवला आणि जवळ येऊन ते डाग बोटाने चाचपून पाहिले.

"महिनाभर शर्ट स्वच्छ येत होते," ती म्हणाली. "जिवाला नुसता घोर लागला होता माझ्या."