मावशीची धीर देण्याची रीत

धीर देण्याची इतकी विचित्र रीत अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची असेल असं मला वाटत नाही. माझी मावशी तळोद्याजवळच्या एका दवाखान्यात नर्स होती, आणि 'काही होणार नाही' हे वाक्य तिने उभ्या नोकरीत एकदाही उच्चारलं नाही. सुई टोचण्याआधी 'दुखेल' म्हणून सांगायची, आणि दुखायचंच. नातेवाईक रडायला लागले की आपल्या अहिराणीत म्हणायची, "रडाले टाईम शे. पहिले भाकर खाई ले," आणि शेवटचा घास जाईपर्यंत समोर उभी राहायची. वाईट बातमी सांगायची असली की आधी माणसाला बाकावर बसवून चहा पाजायची. हे सगळ्यांना इतकं ठाऊक झालं होतं की ती कप घेऊन निघाली की ती कुणाकडे वळते ते वॉर्ड श्वास रोखून बघायचा. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं, तेव्हा ती निव्वळ मायेने त्यांच्यासाठी चहा घेऊन आली, तर त्यांनी थेट शेताच्या वाटणीचा विषय काढला. "दाजी, नुसता चहा शे," ती म्हणाली. त्यांनी तो घेतला नाही तो नाहीच.

डोंगरातले पेशंट पावरी बोलायचे, आणि तिची पावरी भयंकर होती. शेळीला म्हैस म्हणायची, जावयाला सासरा. पेशंट हसायचे, तिला दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त करता करता स्वतःचं दुखणं सांगून मोकळे व्हायचे. इतकी वर्षं बोलूनही तिला ती भाषा येत नव्हती, यावर माझा विश्वास नाही. विचारलं की ती विषय बदलायची.

ड्यूटी संपली की तिला मोटरसायकलवरून घरी आणायचं काम माझं. एका संध्याकाळी गेलो तर नर्मदेकाठचा एक म्हातारा गाठोडं बांधून उभा होता. त्याच्या बायकोला न्यूमोनिया झाला होता. आधी होडीतून, मग जीपमधून तिला आणलं होतं. डॉक्टरांनी त्याला सगळं मराठीत समजावलं होतं, त्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती, आणि आता तो बायकोला घरी न्यायला निघाला होता. मावशीने त्याला अडवलं नाही. घरी किती म्हशी आहेत, एवढंच विचारलं. म्हातारा म्हणाला, म्हशी नाहीत, शेळ्या. मग शेळ्यांवरच बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी त्याने हळूच विचारलं, ही मरणार का?

मावशी म्हणाली, "ठाऊक नाही. इथे राहिली तर जगेलसं वाटतं. आज नेलीस तर घरापर्यंत पोचणार नाही."

"तू इथे आहेस?"

"आता घरी जाते. सकाळी येते."

म्हाताऱ्याने गाठोडं खाली ठेवलं नाही. सकाळी येतो म्हणून गेलेली माणसं त्याने पाहिली असावीत. मावशीने थोडा विचार केला, पायातल्या चपला काढल्या आणि म्हातारीच्या खाटेखाली नीट जोडीने ठेवल्या. "ह्या इथेच राहतील. घ्यायला मला यावंच लागेल." आणि अनवाणी माझ्यामागे येऊन बसली. मोटरसायकलच्या सायलेन्सरचा पायाला चटका बसला म्हणून वाटभर मलाच बोलली.

सकाळी म्हातारा तिथेच होता. म्हातारीला बरं वाटायला वेळ लागला, पण ती जीपमध्ये बसून, स्वतःच्या तोंडाने भांडत घरी गेली.

मावशी रिटायर होऊन आता सुरतेला मुलीकडे असते. मागच्या बाजाराच्या दिवशी तो म्हातारा विचारत विचारत माझ्या दुकानात आला. ती सुरतेला गेली म्हटल्यावर पायरीवर बसला. बायको बरी आहे, पाणी भरते, म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तिथे सिस्टरशी बोलायला कोण?"

"मुलगी आहे ना."

"मुलगी कामावर जात असेल," म्हातारा म्हणाला.

जातेच ती. सकाळी निघते, ती दिवेलागणीला येते. तो आणखी जरा वेळ बसला आणि उठून जीपच्या स्टँडकडे गेला.