स्टेशनासमोरचा आडवा हात

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण झोप उडवणारी घटना विचाराल तर मी त्या खांबाचेच नाव घेईन. इतर प्रकरणांत आरोपी समोर बसलेला असे. या प्रकरणात तो खुर्चीवर बसून जबाब लिहून घेत होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आमच्या ठाण्यात दोन फौजदार. एक मी, दुसरा माझ्याच तुकडीत शिकून आलेला. तो इंग्रजी फाडफाड बोले, जिल्ह्याच्या पोलीस कप्तानसाहेबांच्या बंगल्यावर चहाला जाई. मी पंचनामे चांगले लिहीत असे. पंचनाम्याला चहा कोण पाजतो?

सकाळची पॅसेंजर आली की सौंदडकडच्या खेड्यांतून शे-दीडशे बाया स्टेशनात उतरत. घरी वळलेल्या बिड्यांची टोपली डोक्यावर, आणि समोरचा रस्ता ओलांडून कारखान्याकडे धाव. त्याच वेळी त्याच रस्त्याने गिरण्यांकडे धानाच्या बैलबंड्या आणि मोटारलॉऱ्या निघत. रोज कोणी ना कोणी चाकाखाली येता येता वाचे. म्हणून मी तीन सकाळी तिथे उभा राहिलो, माणसे पाहिली, बायांशी बोललो आणि अर्ज लिहिला: रस्त्याच्या मधोमध खांब, त्याला रेल्वेच्या सिग्नलसारखा लाल हात, दोरी शिपायाच्या हाती. हात आडवा झाला की गाड्यांनी थांबायचे, लोकांनी ओलांडायचे. हात पडला की गाड्या सुटतील, लोक थांबतील. रेल्वेच्या कडेला जन्म गेलेल्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

माझा अर्ज दफ्तरात पडून राहिला. सहा महिन्यांनी तोच नकाशा त्या दुसऱ्या फौजदाराच्या सहीने, इंग्रजीत, मंजूर होऊन आला.

खांबाला हार घातला तो दिवस मला पाठ आहे. कप्तानसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारत होते. मी गर्दीत उभा होतो. घरी आलो तर बायको म्हणाली, "त्यांनी लोकांसाठी मोठं काम केलं म्हणतात सारे."

"कागद माझा होता."

"मंग सांगत काऊन नाही? तोंड शिवलं का तुमचं?"

मी जेवणाचे ताट बाजूला सारले.

पण त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. खांबाचा अर्थ उलटा केला होता. साहेब म्हणाले होते, खांब पायी चालणाऱ्यांसाठी आहे, तर आडवा हात त्यांनाच थांबवेल. आमचा मित्र 'यस सर' म्हणून मोकळा झाला. बंडीवाल्यांना आणि लॉरीवाल्यांना ठाण्यात बोलावून नवा नियम दोनदा समजावला. बायांना कोणी बोलावले नाही. बिड्या वळणाऱ्या बायांना कसला नियम समजवायचा, पाहतील आणि शिकतील, हा आमच्या सगळ्या कचेऱ्यांचा न्याय. समारंभात हात आडवा झाला आणि बाया भाबडेपणाने निघाल्या. चार शिपायांनी त्यांना मागे रेटले. लोक हसले. मीही हसलो, आणि मनात म्हणालो, होऊ दे याची फजिती.

तोंड उघडायला एक क्षण पुरला असता.

पहिले दोन दिवस जादा शिपाई होते. तिसऱ्या सकाळी एकच उरला. त्या सकाळी एका बाईच्या पायावरून भरलेल्या बंडीचे चाक गेले.

बंडीवाला नियमाने चालला होता, तेव्हा दोष शिपायावर आला. शिपाई त्याच्या हाताखालचा, म्हणून चौकशी माझ्याकडे. खरे सांगतो, हुकूम वाचताना मला बरे वाटले. शिपाई जागेवर नव्हता असे निघाले, तर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा खटला त्याच्यावर, आणि खांबाच्या मालकाच्या तोंडाला काळे.

खबर आयती चालून आली. नाक्यावरचा पानठेलेवाला ठाण्यात येऊन कानाशी लागला, "साहब, जवान तो मेरे ठेले पे पान लगवा रहा था. रस्सी छोड़ के."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि शिपायाला बोलावले. चाळिशी ओलांडलेला माणूस, तीन मुलींचा बाप. टोपी काखेत धरून उभा.

"पान खायला गेला होतास?"

"मी पान खातच नाही जी. दात पाहा." त्याने खरोखर दात दाखवले. पांढरे स्वच्छ होते.

"मग ठेलेवाला खोटे का बोलतो?"

"खांब बसला तेव्हा मीच त्याचा ठेला दहा पावलं मांगं सरकवला. तेव्हापासून मले पाहून थुंकते तो."

"दोरी?"

"हातातच होती. हात आडवा केला, घंटी देल्ली, बोंबललो. तरी ते बाई निघाली. एकटी नाही जी, साऱ्याच्या साऱ्या निघाल्या. ते पुढं होती, एवढंच."

माझी लेखणी तिथे थांबली. एखादी बाई वेंधळी असू शकते. डोक्यावर टोपली घेतलेल्या शंभर बाया एकाच वेळी वेंधळ्या होत नाहीत. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिले आहे: चुकणारा माणूस एकटा चुकतो. सगळे मिळून चुकतात तेव्हा चूक हुकमात असते. आणि ती चूक मला हार घालायच्या दिवशीच दिसली होती.

'साऱ्याच्या साऱ्या निघाल्या' हे शिपायाचे वाक्य मी लिहिले नाही. शिपायाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवले आणि दवाखान्यात गेलो. वाटेत मी मनाशी जुळवत होतो की बाईने 'शिपाई दिसला नाही' एवढे म्हटले तरी काम भागेल.

बाईच्या उजव्या पायाचा पुढचा भाग कापून टाकला होता. मी विचारले, "शिपाई कुठे होता?"

"दोरी धरून होता ना जी. बोंबलत होता. पण गर्दीत काय आयकू येते?"

"मग तू निघालीस का?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच खुळा. "हात आडवा झाला ना, साहेब. आडवा हात म्हंजे गाडी थांबते. लहानपणापासून तेच पायलं. मंग तो बंडीवाला कायले येऊन राहिला होता?"

मी दौतीत लेखणी बुडवली.

"आमचीच चुकी झाली असन," ती म्हणाली. "शिपायाले सोडा. गरीब आहे थो. पण मले एक सांगा, आता पॅसेंजर कशी धरू मी?"

या प्रश्नाला कोणत्याही जबाबात रकाना नसतो. मी तिचा जबाब शब्दश: लिहिला, अंगठा घेतला. ठाण्यात येऊन शिपायाचे गाळलेले वाक्य लिहिले, त्याला घरी पाठवले. मग अहवालाच्या शेवटी लिहिले की हाताचा अर्थ उलटा लावल्याने अपघात झाला, आणि हे मला, खाली सही करणाऱ्याला, पहिल्या दिवसापासून ठाऊक असून मी कळवले नाही.

संध्याकाळी तो दुसरा फौजदार माझ्या टेबलाशी आला. वर जाणारे कागद त्याच्याकडून जात, म्हणून अहवाल त्याच्या हातात होता.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि गप्प बसलास?"

"खांब तुझा होता ना."

त्याने अहवालाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "नकाशा तुझा होता, हे मी तरी कुठं सांगितलं?" आणि अहवाल तसाच वर पाठवला, एक अक्षर न खोडता. माझी बढती तीन वर्षे अडली. तो माझ्याआधी इन्स्पेक्टर झाला. त्या दिवशीही मी जळलोच. प्रकरणाने माझा मत्सर धुऊन काढला, असे लिहिले तर तो खोटा जबाब ठरेल.

मत्सराला दंडसंहितेत कलम नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा. तो हातात काठी घेत नाही, नुसता गप्प उभा राहतो आणि दुसऱ्याची चूक पिकू देतो. त्या चुकीखाली सापडतो तो आपला प्रतिस्पर्धी नसतो. बहुधा टोपली घेतलेली एखादी बाई असते, जिला कोणी काही विचारलेले नसते. उरलेल्या नोकरीत मी एकच नियम पाळला: ज्याचा मला राग, त्याच्या कामातली खोट मी त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगितली. लोक मला भांडखोर म्हणाले. म्हणोत.

अहवालानंतर आठ दिवसांनी कप्तानसाहेबांनी नियम फिरवला. त्या सकाळी दोरी मी स्वत: धरली. पॅसेंजर आली, मी हात आडवा केला, बंड्या थांबल्या आणि बाया कोणी न सांगता रस्ता ओलांडून गेल्या. शेवटची बाई पलीकडे पोहोचेपर्यंत मी एकेक चेहरा पाहत राहिलो. ती त्यांत नव्हती, आणि त्यानंतरही कधी दिसली नाही.