मिठाचा रकाना

मंगळवारी दुपारी माझी पत्नी वारली. शाम्पू बनवण्याच्या परवान्याचा तिचा अर्ज अर्धा भरून राहिला होता.

प्रताप नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात ती शेजारच्या बायकांसाठी शाम्पू करत असे. परवाना काढून तो दुकानांत ठेवायचा, ही तिची इच्छा. अर्ज मी पुरा करायचे ठरवले. परवाना माझ्या नावाने का होईना, शाम्पू तिचा राहिला असता.

अर्जात प्रत्येक घटकाचे प्रमाण लागते. तिच्या वहीत सगळे होते: फेस आणणारा सल्फेटचा बेस, पाणी, सायट्रिक आम्ल. मिठापुढे मात्र 'बेताने'. एकदा विचारले होते, तर म्हणाली, "मीठ काहून मोजता जी? घट्ट झालं का थांबाचं." इतक्या वर्षांत एकदा मोजले असते तर काय बिघडले असते? मीही शेजारीच वाचत बसलेला असे. मीही पाहिले नाही.

म्हणून वजन करत स्वतः करून पाहिला. मीठ घातले, दाटला. तिच्याइतका नाही म्हणून आणखी घातले, तर एकदम पातळ झाला. मी शहाण्यासारखे पुन्हा मीठ ओतले. मीठ या बेसला एका मर्यादेपर्यंतच दाट करते, पुढे पाणी करते, हे तीन घाणे वाया गेल्यावर वाचून कळले.

शेजारीणबाई बाटली हलवून म्हणाल्या, "भाऊजी, हा शाम्पू आहे का सरबत?"

भाची म्हणाली, "मामा, सल्फेट टाकूच नका. लोक घाबरून राहिले."

धुवून टाकायच्या वस्तूंत सल्फेट चालते, बाटलीवर त्याचे नाव मात्र लिहावे लागते, असे मी तिला नियम काढून सांगितले. ती मोबाइल पाहत होती.

चौथा घाणा जमला. मिठाचा आकडा भरून कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी पत्ता वाचला.

"काका, किचनमध्ये बनवून राहिले का? वेगळी जागा लागते. वर शिकलेला केमिस्ट लागते."

"मी एम.ए. आहे."

"कशात?"

"मराठीत."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. हे आधी छापायला काय झाले होते, असे विचारणार होतो. पहिल्याच पानावर छापलेले होते. तिलाही हेच ऐकावे लागले असते.

दोन खोल्यांत वेगळी जागा निघत नाही. मी पुन्हा गेलो नाही. बायका आता दुकानातला शाम्पू आणतात. तिचा शाम्पू मला करता येतो, विकता येत नाही. रविवारी मी त्यानेच डोके धुतो.