मधले दार काढणे

तिसऱ्या घराचा जिना उतरल्यावर तरी मिस्त्री घटकाभर टेकतील, असं बाईंना वाटलं होतं. कोपऱ्यावर बाक होता, बाकावर सावलीही होती. पण ते बाकाला वळसा घालून तसेच पुढे निघाले. चालता चालता हात लांब करून एका आवाराच्या भिंतीवरून त्यांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही माझी."

पुढच्या भिंतीला त्यांनी हात लावला नाही. "ही कुणाची देव जाणे. पोट सुटलंय बघा तिला."

"मिस्त्री, जरा दमानं घ्या. माझं वय झालंय."

"तुमचं? माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहात तुम्ही."

"म्हणूनच म्हणते. मला अजून म्हातारपणाची सवय नाही झालेली."

ते हसले, पण वेग काही कमी केला नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखा हा माणूस सकाळपासून चालत होता. युवक मंडळाच्या मुलांनी त्यांचं नावच भिंगरीआजोबा ठेवलं होतं, आणि ते तोंडावर म्हणायलाही मुलं कचरत नसत.

बाईंच्या पिशवीत एक अर्ज होता. त्यावर चार सह्या झाल्या होत्या, लागणार होत्या सहा. पहिल्या दोन तर बाईंची आणि मिस्त्रींची स्वतःचीच. सोमवारी सकाळी वस्तीच्या नव्या समाजकेंद्राच्या मधल्या भिंतीला गिलावा व्हायचा होता. त्याआधी अकरा जणांच्या समितीतल्या सहांनी लिहून दिलं, तर इंजिनीअर त्या भिंतीत दार पाडून द्यायला तयार होता. एकदा आतून वायरी गेल्या, वरून गिलावा झाला, की विषय मिटला. आज शनिवार होता.

आणि हे सगळं बाईंच्या एका ओळीमुळे झालं होतं.

जुन्या केंद्रात दोन खोल्या होत्या. रस्त्याकडची ज्येष्ठ मंडळाची. तिथे वर्तमानपत्रं, वेताच्या खुर्च्या आणि पत्त्यांचे दोन जोड, त्यातल्या एकात राणी नव्हती. मागची युवक मंडळाची. तिथे टेबल टेनिस, नाटकाच्या तालमी आणि कायमचा गलका. दोहोंच्या मध्ये एक अरुंद दार. छप्पर गळायला लागलं, एक बाजू खचली, तेव्हा सगळं उतरवून नव्याने बांधायचं ठरलं. कोणाला काय हवं याची यादी बाईंनी लिहायची होती, कारण त्या निवृत्त शिक्षिका आणि अक्षर मोत्यासारखं. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सांगितलं होतं, "मधलं दार काढायचं. चांगलं रुंद, दोन फळ्यांचं. आणि त्याला कडी नको." छापील कागदावर जागा होती बोटभर. जन्मभर मुलांना सारांश लिहायला शिकवलेल्या बाईंनी सारांश केला: 'मधले दार काढणे.'

गवंडी भिंतीत दार काढतो म्हणजे दार करतो. पण कचेरीत बसलेल्या माणसाने वाचलं, की जुन्या केंद्राला मधलं दार होतं, ते आता यांना नकोय. त्याने नकाशातून दार काढून टाकलं. भिंत सरळसोट वर गेली.

"चित्र काढा म्हटलं, तर भिंतीवरचं चित्र उतरवून ठेवाल का हो?" मिस्त्रींनी इंजिनीअरला विचारलं होतं.

तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. म्हणाला, "आजोबा, दात काढा म्हटलं, तर डॉक्टर नवा दात बसवतो का?"

बाईंना दोघांचंही पटलं, आणि तेच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. रोज दिवा लावताना त्या देवापुढे हात जोडत आणि मनात मात्र तीच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघत. एक शब्द जास्त लिहिला असता तर भागलं असतं.

चौथं घर पोस्टमास्तरांचं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते दाराशी आलेल्या माणसाकडे खिडकीतून तिकीट मागायला आल्यासारखंच बघत.

"बसा."

बाई बसल्या. मिस्त्री बसले, उठले, खिडकीच्या बिजागरीला हात लावून बघितला आणि परत बसले ते दुसऱ्याच खुर्चीवर.

"मी सही करणार नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "अध्यक्षांनी कालच नाही म्हटलं, त्यांच्या बाजूच्या दोघांनीही नाही म्हटलं, मीही नाही करणार. चूक झाली असेल बाईंची, पण देवाने चांगली चूक करवली त्यांच्या हातून. भिंत आहे तर निवांतपणा तरी मिळेल."

"निवांतपणा आपल्याला पुढे भरपूर मिळणार आहे, पोस्टमास्तर," मिस्त्री म्हणाले. "एवढी घाई कशाला?"

"तुम्हाला कशाला हवंय दार? तुम्ही तर एका जागी पाच मिनिटं टिकत नाही."

"म्हणूनच हवंय. माणूस इकडून उठला तर त्याला जायला पलीकडे जागा पाहिजे."

"आणि टेलर गेला तेव्हा दार नव्हतं का? होतं की. मग काय कामाला आलं?"

मिस्त्री पुन्हा बिजागरीकडे गेले. "तेल घाला हिला," एवढंच म्हणाले, आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजलीसुद्धा. बाईंना चहा अर्धा सोडून उठावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी टेलर ज्येष्ठांच्या खोलीत एकटाच असताना छातीत कळ येऊन गेला होता. पलीकडे वीस-बावीस तरणी मुलं होती, आणि मधल्या दाराला आतून कडी होती. सगळे म्हणत, टेलरला दुपारची डुलकी प्यारी, त्यानेच गलका नको म्हणून लावून घेतली असणार. बाईही तेच धरून चालल्या होत्या.

आज सकाळी सगळ्यात आधी त्या गेल्या होत्या टेलरवहिनींकडे. नवऱ्याच्या जागी समितीवर त्यांनाच घेतलं होतं. मिस्त्री मात्र फाटकाबाहेरच राहिले. चपलेचा अंगठा तुटलाय म्हणाले. वहिनींनी अर्ज पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला. "दार असून यांनी काय केलं, बाई? स्वतःच्या हाताने लावून घेतलं. आयुष्यभर तसंच. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, आपलं आपण. दोन वर्षं मी त्यांच्या फोटोशी भांडतेय. नको मला ते दार." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

केंद्राचं काम चालू असल्यामुळे युवक मंडळ पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत जमत होतं. त्यांची पुढारी वीस वर्षांची मुलगी, मंडळातर्फे समितीवरही तीच. सगळे तिला कॅप्टन म्हणत. ती एका मोडक्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवत होती.

"भिंगरीआजोबा, हे डुगडुगतंय बघा."

मिस्त्री लगेच खाली बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पुठ्ठा काढून फेकला, एक चपटी कपची शोधून आणली, घासून पायाखाली बसवली. "पुठ्ठा दबतो. दगड दबत नाही."

कॅप्टनने अर्ज न वाचताच सही केली. पाच झाल्या.

"वाच की गं आधी," बाई म्हणाल्या. शिक्षिकाच त्या.

"काय वाचायचंय, बाई. मला दार हवंय." ती पेनचं टोपण लावत-काढत राहिली. "त्या दिवशी आम्ही तालीम करत होतो. दारावर थापा पडल्या. तीन-चार, खालच्या बाजूला. आम्हाला वाटलं, आजोबा लोक रागावले. मीच सगळ्यांना म्हटलं, आवाज बंद करा. आम्ही अगदी चिडीचूप बसलो. अर्धा तास. गुणी मुलांसारखे." तिने पेन बाईंना परत दिलं. "उघडंच असतं तर कुणीतरी डोकावलं असतं ना."

मिस्त्रींनी कपचीवर बसवलेल्या टेबलाला पुन्हा एकदा धक्का देऊन बघितला. ते हलत नव्हतं. तरी त्यांनी परत धक्का दिला, आणि मग रस्त्याला लागले.

आता उरलं कोण? एक सभासद लेकीकडे परगावी गेलेले. अध्यक्ष, पोस्टमास्तर आणि ते दोघे भिंतीच्या बाजूचे. राहिल्या फक्त टेलरवहिनी, आणि त्यांनी तर सकाळीच नाही म्हटलं होतं. बाईंच्या मनात आलं, आता घरी जाऊन निमूट देवापुढे बसावं. पण मिस्त्री घरच्या वळणावर वळलेच नाहीत. लाँड्रीवरून, शाळेच्या मागून, सकाळी गेले होते त्याच रस्त्याने निघाले. भिंतींवरून हात फिरवायचंही सोडलं होतं.

त्यांच्या पाठीकडे बघत चालताना बाईंना एक जुनं चित्र आठवलं. हेच मिस्त्री वेताच्या खुर्चीत, पाय लांब सोडून, हातात पत्ते. समोर टेलर. दुपारी दोनला बसलेले संध्याकाळी दिवे लागले तरी उठत नसत. सूनबाई बोलवायला यायची आणि सासऱ्यांना म्हणायची, "मामा, तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेऊ का?" चौदाव्या वर्षापासून घमेली वाहिलेला, पन्नास वर्षं परांचीवर उभा राहिलेला माणूस निवृत्त झाल्यावर असा बसला होता, की जणू सगळ्या उभ्या वर्षांची कसर काढतोय. मग भिंगरी कधी लागली त्यांना? मुलांनी नाव तरी कधी ठेवलं?

दोन वर्षं. त्याच्या आधीचं नाव बाईंना आठवेना, कारण तेव्हा नाव नव्हतंच.

त्यांची नजर मिस्त्रींच्या चपलांवर गेली. दोन्ही अंगठे शाबूत होते.

टेलरवहिनींच्या फाटकाशी मिस्त्री थांबले. सबंध दिवसात पहिल्यांदा आपणहून थांबले. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. वहिनी आता थोडंफार शिवत असत.

"तो नको म्हणाला होता," मिस्त्री म्हणाले.

"कोण?"

"टेलर. म्हणाला, असू दे रे उघडं, मला आवडतं पोरांचं. मीच म्हटलं, माझं डोकं उठलंय. त्या दिवशी सकाळीच डाव मांडला होता, आणि मी हरत होतो. जेवायला जाताना उठलो, कडी लावली, वरची. त्याचा हात उभा राहूनही जेमतेम पोचायचा तिथे. म्हटलं, मी आलो की काढीन." त्यांनी फाटकाच्या गजाला धरलं. "घरी ताटावर बसलो. भाकरी जास्त घेतली एक."

यंत्र थांबलं, पुन्हा चालू झालं.

"परत आलो तर माणसं जमलेली. कुणीतरी म्हणालं, टेलरनेच लावली असणार. आणि मी मान हलवली, बाई. बोललो काही नाही. नुसती मान हलवली. पण एकदा हललेली मान परत उलटी हलवता येत नाही. दोन वर्षं ती बाई त्याच्याशी भांडतेय. माझ्या वाटणीचं."

बाईंना वाटलं, काहीतरी म्हणावं. तुमची चूक नाही, किंवा देव बघतो सगळं. दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती, आणि दोन्ही त्यांनी गिळली. आपल्या ओळीचं ओझं आजवर त्या केवढं समजत होत्या.

"सही मिळेल न मिळेल," मिस्त्री म्हणाले. "कदाचित उलटंच होईल. माझं तोंड बघायचं नाही म्हणेल, दारही राहून जाईल आणि सहीही. तरी मला आत जायचंय."

"चला."

"थांबा. एक सांगायचंय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही मास्तरीण. मूल फळ्यापाशी अडलं की तुम्हाला राहवत नाही, उत्तर तुम्हीच सांगून टाकता. माझ्या नातवाला शिकवलंय तुम्ही, मला ठाऊक आहे. मी आत अडखळणार. कदाचित मधेच गप्प होईन, बराच वेळ. तेव्हा तुम्ही माझ्याजवळ बसा, बाई, पण माझं वाक्य पुरं करू नका."