मान आधी की पोट?

२०१४ च्या हिवाळ्यात मृदुलाला वरणभातसुद्धा पचेनासा झाला. चार घास घेतले की पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, मळमळायचं आणि त्याच वेळी मान आखडायची. ती ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफर. दिवसभर हात पेशंटच्या पोटावर, मान स्क्रीनकडे वळलेली. तिच्या स्वतःच्या पोटाचा स्कॅन, एन्डोस्कोपी, रक्त, सगळं नॉर्मल आलं. पोटाचे डॉक्टर मानेबद्दल ऐकून घेत नसत आणि फिजिओ पोटाबद्दल.

"स्ट्रेस असेल गं," नवरा दीनानाथही म्हणू लागला, तेव्हा तिने घरात त्याबद्दल बोलणंच सोडलं.

एकदा लेकीला घेऊन फ्लॅट बुशला घरी परतताना मोटरवेवर लेन बदलायला मान वळेचना. मागून जोरात हॉर्न वाजला. गाडी कशीबशी कडेला घेऊन ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसली. मागच्या सीटवरून वल्लरी घाबरून विचारत राहिली, "आई, आर वी ओके?"

त्यानंतर तिने हेन्डरसन उपनगरातल्या, अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या कोरियन वैद्यांची, मिस्टर हान यांची वेळ घेतली.

"सुया टोचून घ्यायला? तू?" दीनानाथ म्हणाला.

"मग दुसरं काय उरलंय, तूच सांग!"

हाननी बरगड्यांखाली दाबलं, तशी ती कळवळली. मग त्यांनी मान चाचपली. "आधी काय दुखायला लागलं? मान की पोट?"

इतक्या डॉक्टरांपैकी हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

सुया, पोटावर औषधी पाल्याचा शेक, कडू काढा, तांदळाची पेज. उन्हाळ्यापर्यंत पेज पोटात ठरू लागली, मग मऊ भातही. मान मात्र तशीच. एका सकाळी बोटं बधिर झाली आणि स्कॅन करताना हातातून पेशंटच्या पोटावर फिरवायचा प्रोब निसटला. ती तडक हानकडे गेली. त्यांनी तिला मूठ आवळायला सांगितलं, पण मूठ वळेना. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या.

"हे माझ्या हातातलं नाही. आजच हॉस्पिटलमध्ये जा."

"तुम्हीसुद्धा मला परत पाठवताय?" ती जवळजवळ ओरडलीच.

हाननी दीनानाथला फोन लावला.

मानेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. बोटं पुन्हा हलू लागली, पण सर्जननी स्कॅनिंग कायमचं बंद करायला सांगितलं. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बाईंनी समजुतीने विचारलं, "तुम्हाला दुसरं कोणतं काम जमेल?"

मृदुलाने आपल्या हातांकडे बघितलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच येतं."