बासवालीला आवरा

थोरलीचा एक गुण घरात सगळ्यांना ठाऊक होता. चादरीवरचा डाग निघत नाही असं कुणी म्हटलं, की ती बाह्या सरसावायची. मग एक तर डाग जायचा, नाहीतर चादर. एका हॉस्पिटलच्या आणि दोन हॉटेलांच्या चादरी त्यांच्या लाँड्रीत यायच्या, तेव्हा हौस भागवायला कामाची कमी नव्हती. वय बेचाळीस, दंड पैलवानासारखे. आणि ते दंड काही नुसते ओले कपडे उपसून झालेले नव्हते. बाई ड्रम वाजवायची. हो, ड्रमच, आणि तेही हार्ड रॉक. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे वेळ नाही.

बँडचं नाव 'वाफ'. माणसं तीन आणि तिघंही एकाच घरातली. थोरली ड्रमवर, तिचा दीर गिटार वाजवून गाणारा, आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी, बासवर. बास म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जिचा आवाज कानापेक्षा पोटाला जास्त लागतो. थोरलीचा नवरा मात्र यात नव्हता. "घरात एक तरी माणूस शहाणा हवा ना," असं तो म्हणायचा आणि चादरी मोजायला लागायचा.

पहिला अल्बम त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत केला होता. तो लोकांना इतका आवडला, की अनोळखी माणसं लाँड्रीत येऊन हात मिळवून जायची. दुसऱ्या अल्बमचं मिक्सिंग मात्र थोरलीने स्वतःकडे घेतलं. प्रत्येक वाद्य वेगळं नोंदवतात आणि मग कुणाला किती पुढे आणायचं, कुणाला किती मागे ठेवायचं ते ठरवतात. ते ठरवणं म्हणजे मिक्सिंग. ती सहा महिने शिकली आणि सहा महिने लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोन स्पीकर मांडून बसली. धुलाईची एक फेरी चाळीस मिनिटांची, तेवढा वेळ तिचा. घंटी वाजली की उठायचं, चादरी काढायच्या, दुसऱ्या टाकायच्या, की पुन्हा बसायचं. अल्बमचं नाव ठेवलं 'घडी मोडू नका'.

शुक्रवारी अल्बम बाहेर पडला. सोमवारपर्यंत बँडच्या इंटरनेटवरच्या पानावर त्रेसष्ट जणांनी मतं लिहिली होती, आणि ती वाचून घराचीच घडी मोडायची वेळ आली.

एकाने लिहिलं होतं, "गाणी ऐकत चाललो होतो. खालून काहीतरी घरघरतंय म्हणून गाडी गॅरेजला नेली. गाडी ठणठणीत आहे, तो बास होता." दुसरा म्हणत होता, "गाणारा विहिरीत पडलाय का? कुणीतरी दोर सोडा." तिसऱ्याने दोनच शब्द लिहिले होते: "बासवालीला आवरा." आणि एक दीडशहाणा, ज्याने आयुष्यात डबासुद्धा वाजवला नसेल, त्याने लिहिलं, "नवऱ्याचा आवाज दाबायची हौस हिची घरी भागत नाही वाटतं." त्याला सगळ्यात जास्त लोकांनी टाळ्या दिल्या होत्या. थोरलीबद्दल मात्र जो तो लिहीत होता, ड्रम झकास, ड्रम लाजवाब.

धाकटीने उशांच्या खोळींना इस्त्री करता करता सगळी त्रेसष्ट मतं वाचली. रडली नाही. शेवटची खोळ घडी करून ठेवली आणि म्हणाली, "ताई, या शनिवारच्या कार्यक्रमाला बासवर दुसरं कुणीतरी बघा. मी वाजवणार नाही. यापुढेही नाही."

"अगं, बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं का?"

"एक जण बोलला असता तर सोडून दिलं असतं. इतके बोलतात, म्हणजे खरंच असणार."

इथे नवऱ्याने बायकोची बाजू घ्यावी की नाही? पण दीर म्हणजे भोळा सांब. "थोडा हात जड पडलाही असेल," तो म्हणाला. झालं! आणि आगीत तेल कमी पडलं म्हणून की काय, थोरलीच्याही तोंडून निघून गेलं, "पुढच्या वेळी जरा हलक्या हाताने वाजव, म्हणजे झालं."

धाकटीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि वरच्या मजल्यावर घरात निघून गेली.

ते बघणं थोरलीला फार लागलं. बारा वर्षांपूर्वी ही मुलगी घरात आली तेव्हा तिला बास धरायला थोरलीनेच शिकवलं होतं. ती अशी मान खाली घालून बँड सोडणार? छट्! थोरलीने ठरवलं, यातली एकूण एक तक्रार उलगडून बघायची. मंगळवारी तिने त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना एकच प्रश्न पाठवला: तुम्ही अल्बम कुठे बसून ऐकलात?

उत्तरं आली. स्वयंपाकघरात. हेडफोन लावून, बागेत. पलंगावर पडून. बास सगळ्यांना नको तेवढा. त्रेसष्टात एकच मत वेगळं होतं: "सगळं कसं बेताचं, जिथल्या तिथे. बास तर अगदी मापात. तीनदा ऐकला." त्याचं उत्तर आलं, "कामावर. मी छापखाना चालवतो."

हा बाबा खरा कानाचा पक्का, थोरलीला वाटलं. याला घरी नेऊन धाकटीसमोर उभा करायचा, मग बघू ती कशी ऐकत नाही.

बुधवारी दुपारी ती छापखान्यात पोचली. छापखानेवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोटं शाईने काळी. मोठं यंत्र धडधडत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती. दारात ड्रमवाली बघून तो इतका हरखला, की स्टूल पुसायला घेतलेल्या फडक्याने त्याने कपाळच पुसलं. "ऐका, ऐका!" असं ओरडत त्याने फळीवरच्या स्पीकरवर तिसरं गाणं लावलं.

आणि काय सांगावं! दिराचा आवाज स्वच्छ, गिटार धारदार, बास आपल्या जागी. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! मी तेच म्हणत होते!" तीही ओरडली.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. छापखानेवाल्याने लाल बटण दाबलं, यंत्र थांबलं. गाणं चालूच होतं. पण बास फुगत फुगत वर आला आणि दिराला, गिटारला, सगळ्यांना गिळून बसला.

छापखानेवाला गोंधळला. "स्पीकर गेला वाटतं."

"स्पीकर नाही हो गेला," थोरली म्हणाली आणि कागदांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली.

तिच्या मागच्या खोलीत भिंतीपलीकडे धुलाईची तीन मशिनं आणि दोन ड्रायर दिवसभर घुमत असत. ती घरघर बासचा आवाज खात होती, म्हणून थोरली बास वाढवत गेली, रोज थोडाथोडा. घरघर तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती आहे हेच तिला कळत नव्हतं. तयार झालेला अल्बम दिराने ऐकला तो कपडे पोचवायच्या खडखडत्या गाडीत, आणि धाकटीने इस्त्रीच्या घुमत्या रोलरशेजारी. घरभर एक कान शांत जागी नव्हता. धाकटीचा हात जड नव्हताच. जड हात थोरलीचा होता, आणि शाबासकीही तीच खात होती.

परत येताना तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की गुपचूप नवं मिक्सिंग चढवावं, कुणाला कळतंय? पण त्या विचाराची तिची तिलाच इतकी लाज वाटली, की भर रस्त्यात ती स्वतःला "नालायक" म्हणाली. शेजारून जाणाऱ्या गृहस्थाने दचकून मागे पाहिलं.

गुरुवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "मशिनं बंद कर. सगळी."

"आणि हॉस्पिटलच्या चादरी?"

"त्या मी रात्रीच धुवून ठेवल्यात. हॉटेलांच्या दोन तास उशिरा जातील."

नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने खटका खाली ओढला. लाँड्री गप्प झाली तसे दीर आणि धाकटी धावत खाली आले, काय झालं म्हणून. थोरलीने धाकटीला स्पीकरसमोर बसवलं आणि तिचा एकटीचा बास लावला. एकेक ठोका मोजून घ्यावा असा.

"कुठे आहे जड हात? दाखव मला," थोरली म्हणाली. "नाहीच आहे. मीच वाढवला तुझा बास, मशिनं चालू ठेवून. सगळी बोलणी माझी होती, खाल्लीस तू."

धाकटीने बास थांबवला. मग म्हणाली, "लोकांचं मला एवढं नाही, ताई. त्यांना काय माहीत? पण तुम्ही सहा महिने रोज माझा हात ऐकत होतात. आणि तुम्हीच म्हणालात, हलक्या हाताने वाजव."

"चुकले मी," थोरली म्हणाली. धाकटी उठून वर गेली.

त्या दोन तासांत थोरलीने बास जिथे हवा तिथे आणून ठेवला आणि संध्याकाळी नवा अल्बम चढवला. मग लिहायला बसली. दीर म्हणाला, "वहिनी, एकच निवेदन टाका ना सगळ्यांना मिळून."

"तिला बोलताना एकेकटे बोलले, भावजी. उत्तरही एकेकट्याला जाईल."

एकेका मताखाली तिने लिहिलं: "बासवालीचा काही दोष नाही. मिक्सिंग मी केलं आणि मीच चुकवलं. नवं ऐका. ड्रमवाली." त्रेसष्ट वेळा लिहिलं. अंगठा भरून आला. छापखानेवाल्यालाही लिहिलं, फक्त त्याला वर आभार मानले.

शुक्रवारी पुन्हा मतं आली. बऱ्याच जणांना नवा अल्बम आवडला, दोघा-तिघांनी बासवालीची माफी मागितली, दीडशहाणा गायब झाला. आणि एकाने लिहिलं, "म्हणजे केलं सगळं हिने आणि शिव्या खाल्ल्या दुसरीने? मग हिलाच काढा बँडमधून." खाली चाळीस जणांनी होकार भरला होता.

थोरलीने ते मशीनशेजारी उभ्या उभ्या वाचलं. तिला राग आला नाही. खरं तेच तर लिहिलं होतं. "बरोबर आहे, मी बाजूला होते" असं उत्तर ती लिहायला लागली, तोच त्याच मताखाली धाकटीचं उत्तर उमटलं. आठवडाभर जिने तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिचं.

"काढणारे तुम्ही कोण? ताई चुकल्या, ते मी त्यांना घरी सुनावलंय आणि अजून सुनावणार आहे, ते आमचं आम्ही बघू. उद्या वाजवायला आम्ही दोघी येतोय. ज्याला कुणाला काढायचंय, त्याने पुढच्या रांगेत येऊन उभं राहावं."

थोरलीने अर्धवट लिहिलेलं खोडलं, हात पुसले आणि सरावाला वर गेली.